सांगता येईल असं घर: किशोरवयीन मुलांचं शरीर, नीती आणि ख्रिस्ती आई-वडील

सकाळच्या ड्यूटीसाठी मी पहाटे उठले, तर बाथरूममधला नळ आधीच सुरू. तेरा वर्षांचा माझा मुलगा बादलीत चादर बुडवून दोन्ही हातांनी घासत होता. साबणाची पावडर इतकी ओतलेली, की फेस बादलीबाहेर येऊन त्याच्या पायांवर सांडत होता. मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "रात्री पाणी सांडलं गं," म्हणाला. मी चोवीस वर्षं नर्स आहे. वॉर्डात अनोळखी बायकांना, पुरुषांना मी न अडखळता शरीराबद्दल सांगते. पण त्या पहाटे माझ्या तोंडून एवढंच निघालं, "राहू दे, मी मशीनला लावते." आणि मी चहा टाकायला निघून गेले.

चहाला उकळी येईपर्यंत लक्षात आलं, की पोराला वाटतंय आपल्याला काहीतरी रोग झालाय, नाहीतर आपल्या हातून पाप घडलंय. दोन्हीपैकी काहीच झालेलं नव्हतं. ते त्याला आधीच सांगून ठेवायचं काम माझं आणि त्याच्या पप्पांचं होतं, आणि आम्ही ते वर्षभर पुढं ढकललं होतं.

त्यानंतर आमच्या घरात आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, काही घरांनी मिळून जे करून बघितलं, ते इथं क्रमानं लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे. मूल घाबरलं, चुकलं किंवा कुणी त्याला त्रास दिला, तर ते सगळ्यात आधी आपल्याकडं आलं पाहिजे. तसं घर नसेल तर नीतीची शिकवण पाठांतरासारखी राहते आणि आरोग्याची माहिती वेळेला कामी येत नाही.

आणि शरीराची लाज बाळगावी असा आपला इतिहासही नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर मिशनचं काम घेऊन कोल्हापुरात आले. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, आणि पुढं या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या मुली नर्सिंगला गेल्या. माझी आजी त्यांतलीच. तिनं आयुष्यभर बाळंतपणं केली. पण घरी माझ्या आईला पाळी आली तेव्हा आजीनंही "कावळा शिवला" असंच म्हटलं. आईनं मला घडी केलेलं कापड हातात दिलं आणि म्हणाली, "आता पोरांच्यात खेळायचं बंद." माझं शिक्षण तेवढ्यावर संपलं.

पायरी पहिली: आधी नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं

मुलं झोपल्यावर दोघांनी बसा. तीन गोष्टींवर बोला: आपल्याला या वयात कुणी काय सांगितलं होतं, त्यातलं काय चुकीचं निघालं, आणि आपल्या मुलांबद्दल आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते. आमच्याकडं हे बोलणं दोन रात्री चाललं. माझे मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत कामाला. एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त, असं त्यांना त्यांच्या वयाच्या पोरांनी सांगितलेलं, आणि कितीतरी वर्षं ते खरं मानून ते घाबरत होते. ही निव्वळ खोटी समजूत आहे. त्याच भीतीवर भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती चालतात.

मग शब्द ठरवा. 'ते', 'खालचं', 'घाण' असे शब्द वापरून वाढलेल्या मुलाला उद्या कुणी हात लावला तर नेमकं कुठं लावला हेही सांगता येत नाही. शिश्न, वृषण, योनी, स्तन, गर्भाशय हे शब्द घरात सहज म्हणता आले पाहिजेत. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडखळते, मग सवय होते. दोन शब्द मात्र घरातून काढूनच टाका. एक 'विटाळ', दुसरा 'स्वप्नदोष'. झोपेत वीर्य बाहेर येण्यात दोष कसला? ते शरीर मोठं होत असल्याचं लक्षण आहे. नावातच दोष घातला, तर तेरा वर्षांचं पोर पहाटे चादर धुणारच.

विटाळाबद्दल मंडळीतल्या बायकांना मी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाची आठवण करून देते. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. त्या काळच्या नियमानं तिचा स्पर्शही अशुद्ध. येशू तिला झिडकारत नाही, सगळ्यांसमोर 'मुली' म्हणून हाक मारतो. ज्या घरात हा उतारा वाचला जातो, त्या घरात पाळीतल्या मुलीला बाजूला बसवायला काही आधार उरत नाही.

पायरी दुसरी: शरीर बदलायच्या आधी शरीराची माहिती

मुलीला आठव्या-नवव्या वर्षी आणि मुलाला दहाव्या वर्षापर्यंत पहिली माहिती मिळाली पाहिजे. मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात. आधी स्तनांची वाढ दिसते आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांत पाळी येते. मुलांमध्ये सुरुवात ९ ते १४ या वयात होते. आधी वृषण वाढतात, मग उंची, आवाज, मिसरूड.

मुलीच्या दप्तरात एक छोटी पिशवी ठेवा: दोन पॅड, एक निकर, एक कागदी पिशवी. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, भरला नसला तरी. कापड वापरत असाल तर साबणानं धुऊन उन्हात वाळवायचं, टॉवेलखाली लपवून नव्हे. दमट कापडानं खाज आणि संसर्ग होतो. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालली, दर तासा-दोन तासाला पॅड भरायला लागला, पोटदुखीनं शाळा बुडू लागली, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर मुलीला रक्तक्षय आहे. सरकारी शाळांत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी याच्यासाठीच असते. ती कचऱ्यात जाते की पोटात, हे बघत जा.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मी प्रत्येक बापाला हात जोडून सांगते. अचानक एका वृषणात असह्य दुखायला लागलं, सूज आली, उलटी झाली, तर वृषण पिळला गेलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्यानं कमी होते. मी असा एक मुलगा पाहिला आहे. रात्री दुखायला लागलं, लाजेनं सकाळपर्यंत आईला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा 'पोटात दुखतंय' म्हणाला. वृषण काढावा लागला. त्या मुलाकडं शब्दही नव्हता आणि धीरही.

पाळी म्हणजे काय हे मुलाला कळलं पाहिजे आणि मुलांचे बदल मुलीला. बहिणीला त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी आणून देणारा भाऊ उद्या चांगला नवरा होतो, असा माझा विश्वास आहे.

लसीचा प्रश्न हमखास येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' २०२३ मध्ये बाजारात आली. ती ९ ते १४ या वयात दोन डोसांत देतात, पंधरानंतर तीन. "आमची मुलगी चांगल्या घरातली, तिला कशाला?" असं एक ताई मला म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, लग्नापर्यंत मुलगी पवित्र राहिली तरी हा विषाणू नवऱ्याकडून येऊ शकतो." लस देणं म्हणजे वाट मोकळी करणं नव्हे. वॉर्डात या कर्करोगाच्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच आयुष्यभर एकाच नवऱ्याच्या होत्या.

पायरी तिसरी: बोलायची जागा आणि वेळ

समोर खुर्चीत बसवून "आता तू मोठा झालास" असं सुरू केलं की पोरगं जमिनीकडं बघायला लागतं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांना कशी शिकवावी ते सांगितलं आहे: घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. यात व्यासपीठ कुठंच नाही. आमचं पहिलं खरं बोलणं पन्हाळ्याच्या रस्त्यावर, मोटारसायकलवर झालं. पप्पा पुढं, पोरगा मागं. डोळ्यांत डोळे घालायचा प्रश्नच नव्हता. वाघबीळच्या वळणांवर ते म्हणाले, "मला पण चौदाव्या वर्षी रात्री तसं व्हायचं. मी पण चादर लपवायचो." मागून बराच वेळ काही आवाज नाही. मग हेल्मेटमधून एकच प्रश्न आला: "म्हंजे मला काय झालेलं न्हाई?"

मुलीशी माझं बोलणं मटार सोलताना होतं, किंवा रंकाळ्यावर चालताना. पाच मिनिटं पुरतात. एका वेळी एकच विषय. विचारलं तेवढंच सांगा, पण खरं सांगा. "हे तू कुठं ऐकलंस?" असा दरडावणीचा सूर लावायचा नाही. "तुझ्या मैत्रिणी काय म्हणतात याबद्दल?" असं विचारलं की मूल स्वतःबद्दल न बोलता बरंच सांगून जातं. उत्तर येत नसेल तर, "मला नीट माहीत नाही, विचारून उद्या सांगते," म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा.

तुम्हाला जमतच नसेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथं समुपदेशक मुलांशी मोकळेपणानं बोलतात. मुलाला पहिल्यांदा घेऊन जा आणि बाहेरच्या बाकावर बसा.

पायरी चौथी: नीती सांगताना 'नाही'च्या आधी 'हो'

आपली श्रद्धा सांगते की शरीरसंबंध लग्नाच्या करारात असावा. मी हेच मानते आणि मुलांना हेच सांगते. पण ते कसं सांगतो यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक घरांत मुलांच्या कानावर फक्त 'नाही' पडतं: बघू नको, बोलू नको, जाऊ नको. पवित्र शास्त्राची सुरुवात तिथून होत नाही. उत्पत्तीत आदाम आणि हव्वा उघडे असून लाजत नव्हते. नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायात बाप मुलाला सांगतो, की आपल्या तारुण्यातल्या बायकोत आनंद मान. गीतरत्न तर आख्खं पुस्तकच प्रेमाचं आहे, आणि त्यातच पुन्हा पुन्हा शपथ घातली आहे, की प्रेमाची वेळ येईपर्यंत ते जागं करू नका. आधी सांगायचं की हे देवानं दिलेलं सुंदर दान आहे, म्हणूनच त्याची वेळ जपायची. मुलांना हा क्रम कळतो.

'तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे,' हे करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन आपण धाक दाखवायला वापरतो. मी मुलांना विचारते, मंदिराचं काय करतात? झाडतात, दिवा लावतात, चप्पल बाहेर काढून आत जातात. म्हणजे वेळेवर झोप, पोटभर जेवण, स्वच्छता, व्यसनापासून लांब राहणं आणि कुणालाही चपलेसकट आत येऊ न देणं, हे सगळं त्यात आलं.

आता एक गोष्ट जी मला फार खुपते. "मुलीची अब्रू म्हणजे काचेचं भांडं, एकदा तडकलं की गेलं." हे वाक्य मी ख्रिस्ती घरांत, शब्बाथशाळेतसुद्धा ऐकलं आहे. हे सुवार्तेच्या विरुद्ध आहे. जिच्यावर अत्याचार झाला ती हे ऐकून काय समजेल? जिच्या हातून चूक झाली ती परत येईल कशाला? आणि मुलाचं भांडं कशाचं असतं, पितळेचं? योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या बाईला ओढून आणतात, तिच्याबरोबरचा पुरुष कुठंच दिसत नाही. येशूनं दगड खाली ठेवायला लावले, आणि तिलाही पुन्हा पाप करू नको असं सांगितलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वासनेबद्दल बोलताना तो पुरुषाच्या डोळ्याबद्दल बोलतो, बाईच्या कपड्यांबद्दल नाही. घरात नियम करायचे तर मुलाला आणि मुलीला सारखेच करा. संध्याकाळी सातच्या आत घरी यायचं असेल तर दोघांनीही.

हस्तमैथुनाबद्दल मुलगे विचारतात, मनातल्या मनात तर सगळेच. त्यानं शरीराला इजा होत नाही, अशक्तपणा येत नाही, पुढं मूल होण्यात अडचण येत नाही. शास्त्रात त्याबद्दल थेट आज्ञा नाही. उत्पत्तीत वीर्य जमिनीवर सांडणाऱ्या ओनानाची गोष्ट लोक पुढं करतात, पण ती भावाच्या विधवेला तिचा हक्क नाकारण्याची आहे. पाळकांमध्ये यावर मतभेद आहेत. माझं मत असं, की ज्याची काळजी करायची ते म्हणजे त्याच्या मागची चित्रं आणि सुटेनाशी झालेली सवय. त्यावर बोला. पोराला नरकाची भीती घालून काही सुटत नाही, ते फक्त दार लावून घ्यायला शिकतं.

आणि प्रेमात पडणं. ते होणारच, राजारामपुरीतल्या क्लासला, कॉलेजच्या कट्ट्यावर. आपली मुलं वर्गात दोघं-तिघं, त्यामुळं आवडलेलं माणूस बहुधा दुसऱ्या समाजाचं असतं आणि घरात दुहेरी वादळ उठतं. मारू नका, मोबाइल फोडू नका, मामाच्या गावाला पाठवू नका, आणि घाईनं लग्न तर अजिबात उरकू नका. कायद्यानं मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा झाल्याशिवाय लग्न करता येत नाही. मुलीला मी चार गोष्टी विचारायला शिकवलं: तो नकार ऐकून घेतो का? तुझ्या अभ्यासाला, मैत्रिणींना तो जागा देतो का? हे नातं लपवायला तोच सांगतो का? त्याच्याबरोबर असताना तुला प्रार्थना करावीशी वाटते का? उत्तरं तिची तिलाच मिळाली, मला सांगावं लागलं नाही.

नकार द्यायची वाक्यंही घरात बोलून घ्या. "मला नाही करायचं." "पप्पा न्यायला आलेत." मालकाच्या, म्हणजे पोटीफरच्या, बायकोनं योसेफाला जवळ ओढलं, तेव्हा तो वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र सोडून पळाला. आमच्याकडं ठरलेलं आहे, की रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन आला, "न्यायला या" म्हटलं, तर आधी न्यायचं. प्रश्न दुसऱ्या दिवशी.

निरोध काय असतो, एचआयव्ही कसा होतो, हेही सांगायचं का? सांगायचं. माहिती म्हणजे परवानगी नव्हे. आपण नाही सांगितलं तर मोबाइल सांगतो, आणि तो पावित्र्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

पायरी पाचवी: मोबाइल

रात्री दहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. आई-बापांचेही, नाहीतर नियम टिकत नाही.

अश्लील व्हिडिओ मुलानं पाहिलेत का, असं विचारू नका. "कधी समोर आले तर काय वाटलं?" असं विचारा. त्यात दिसतं ते प्रेम नव्हे, तो धंदा आहे. त्यात कुणी कुणाला 'चालेल का' विचारत नाही, हे स्वच्छ शब्दांत सांगा.

फोटोंच्या बाबतीत कडक राहा. स्वतःचा उघडा फोटो कुणालाही पाठवायचा नाही, दुसऱ्याचा आला तर पुढं ढकलायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचा असा फोटो पुढं पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, पाठवणारा वर्गमित्र असला तरी. फोटो गेलाच आणि धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत. धमकीचे मेसेज, नंबर, खात्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट ठेवून १९३० ला फोन करायचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेनं अल्पवयीनांचे फोटो बऱ्याच मोठ्या संकेतस्थळांवरून काढून घेता येतात. अशा धमक्यांना घाबरून मुलं जीव देतात, म्हणून हे सगळं आधीच सांगून ठेवा. शेवटी एवढं जोडा: "असं काही झालं तर पहिला फोन मला करायचा. मी ओरडणार नाही."

पायरी सहावी: त्रास देणारा बहुधा ओळखीचाच

२ शमुवेल १३ हा अध्याय आपण उपासनेत क्वचितच वाचतो. दावीदाचा मुलगा अम्नोन आजारपणाचं सोंग घेतो, सावत्र बहीण तामारेला खायला करून आणायला बोलावतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. तामार नाही म्हणते, विनवते, बाहेर येऊन डोक्यात राख घालून रडते. भाऊ अबशालोम तिला सांगतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. बाप दावीद फार संतापतो, आणि करत काहीच नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाचा खून करवतो. घरच्या माणसानं केलेला अत्याचार, 'गप्प राहा' म्हणणारं घर आणि नुसता संतापणारा बाप. मी वाचते तेव्हा मला यात आपल्याकडची घरं दिसतात.

एका मंडळीत असं प्रकरण झालं. मुलीनं सांगितलं, आणि चार मोठ्या माणसांनी 'मंडळीची बदनामी नको' म्हणून प्रार्थना करून मिटवलं. ती मुलगी पुन्हा चर्चमध्ये दिसली नाही.

तुमच्याकडं असं काही आलं तर हे करा. मुलाला सांगा, "मी तुझ्यावर विश्वास ठेवते, तुझी चूक नाही." पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. प्रकार नुकताच घडला असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या कुठल्याही रुग्णालयात न्या. सरकारी असो की खासगी, अशा पीडितेवर मोफत उपचार करणं प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळीही तशीच. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे आणि तातडीला ११२.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. गुन्हा माहीत झाल्यावर पोलिसांना कळवणं हे कलम १९ नुसार प्रत्येकाचं कर्तव्य आहे, पाळकांचं आणि मंडळीतल्या वडीलजनांचंही. न कळवणं हाही गुन्हा. बालकाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नसताना. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे माहीत असलं की आई-बापांची भीती बरीच कमी होते.

याच कायद्याची दुसरी बाजू मुलाला सांगून ठेवा. सतरा वर्षांची मुलगी 'हो' म्हणाली तरी कायदा तिची संमती धरत नाही. दोघांच्या मनानं झालं तरी मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

पायरी सातवी: मूल चुकून परत आलं तर

लूकाच्या पंधराव्या अध्यायात घर सोडून गेलेल्या मुलाचा बाप, मुलगा दूर असतानाच त्याला बघतो आणि धावत जातो. मुलानं पाठ केलेली माफी तो पुरती ऐकूनही घेत नाही. आपलं पहिलं वाक्य तसं असावं: "बरं झालं मला सांगितलंस." राग येईल, रडू येईल, ते बाथरूममध्ये जाऊन. त्या दिवशी फक्त जेवायला घाला आणि जवळ बसा.

मुलीची पाळी चुकली असेल तर मेडिकलमधून गुपचूप गर्भपाताच्या गोळ्या आणून देऊ नका. रक्तस्राव होऊन जिवावर बेततं, हे मी पाहिलंय. स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. मात्र २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की मुलीनं आणि पालकांनी विनंती केल्यास गर्भपातासाठीच्या त्या माहितीत डॉक्टरांनी तिची ओळख देण्याची गरज नाही. पोटातलं जीवन देवाचं दान आहे असं मी मानते, आणि समोर बसलेली घाबरलेली पोरगीही देवाचंच दान आहे. काय करायचं ते डॉक्टरांशी आणि तुमच्या भरवशाच्या पाळकांशी बोलून, तिला जवळ बसवून ठरवा, शेजारी काय म्हणतील या भीतीनं नको.

खाज, जखम, स्राव असेल तर लपवू नका. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त होते, माहितीसाठी १०९७. मूल गप्प झालं, जेवेना, मरणाचं बोलायला लागलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीतून बोलता येतं. प्रार्थना करा आणि फोनही करा.

मुलगा म्हणाला, "आई, मला मुली नाही, मुलंच आवडतात," तरी पहिलं वाक्य तेच: "बरं झालं मला सांगितलंस." 'उपचार' म्हणून त्याला कुठं ओढून नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असले उपचार हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला आहे. पुढचं बोलायला आयुष्य पडलं आहे, पोर आधी घरात राहिलं पाहिजे.

पायरी आठवी: मंडळीला सोबत घ्या

दृढीकरणाच्या, म्हणजे मोठ्या होणाऱ्या मुलांना विश्वासात पक्कं करण्याच्या, वर्गात दोन रविवार या विषयाला मागून घ्या. एक डॉक्टर, एक जाणतं जोडपं, मुलं-मुली आधी वेगळी आणि मग एकत्र. एक पक्का नियम: कुणीही मोठं माणूस मुलाबरोबर बंद दाराआड एकटं राहणार नाही. दोघं हवेत आणि दार उघडं.

आमच्याकडं पहिल्या रविवारी चपलांचा रिकामा खोका ठेवला, वर चीर पाडून. नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. मला वाटलं होतं, शरीराबद्दलच प्रश्न येतील. घरी आणून जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या उलगडल्या. काही पाळीच्या, काही मुरमांच्या, एक एचआयव्हीची. पण पेन्सिलनं, चुरगाळून टाकलेल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या अक्षरांत जवळपास एकच प्रश्न होता: "हे मी माझ्या मम्मीला कसं सांगू?"

पुढच्या रविवारी आम्ही उपासनेनंतर मुलांना बाहेर खेळायला सोडलं, आयांना आणि बापांना आत थांबवलं, आणि त्या चिठ्ठ्या एकेक करून त्यांना वाचून दाखवल्या.